ईथन सालास: पाद्रेजचा हा पोरगा खरंच मोठा कॅचर होणार का?

सॅनडिएगोकर

प्रॉस्पेक्टच्या (मेजर लीगला पोचतील अशा होतकरू पोरांच्या) याद्या यायला लागल्यात म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ऑफ-सीझनच्या मुख्य धाग्यात नुसत्या ट्रेडच्या अफवा चालल्यात, तिथे शांतपणे काही बोलायची सोय राहिलेली नाही.

ज्यांनी फॉलो केलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. ईथन सालास, व्हेनेझुएलाच्या बेसबॉलवाल्या घरातला, डावखुरा बॅटर, जन्म १ जून २००६. जानेवारी २०२३ मध्ये पाद्रेजने (सॅन डिएगोचा मेजर लीग क्लब) ५६ लाख डॉलर बोनस देऊन साइन केला, म्हणजे त्या वर्षीचा परदेशी पोरं साइन करायचा आपला पूल जवळपास अख्खा या एका पोरावर ओतला. मे संपता संपता लेक एल्सिनोरला लो-ए मध्ये (मेजरखालच्या मायनरच्या पायऱ्या: लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए) उतरवला तेव्हा सतरा पूर्ण व्हायची होती. तिथे ४८ मॅचमध्ये .२६७ ॲव्हरेज (म्हणजे हजारात २६७ वेळा हिट) आणि ९ होमर, समोर कॉलेज करून आलेले पिचर असताना. ऑगस्टमध्ये उचलून हाय-ए ला, फोर्ट वेनला नेला, तिथे आठ-नऊ मॅच होतायत न होतायत तोच डबल-ए, सॅन अँटोनियो. सतराव्या वर्षी डबल-ए! जिथे बाकीची पोरं तेवीस-चोवीसची असतात. आम्ही इकडे वेडे झालो होतो, खोटं कशाला बोलू.

मग २०२४ अख्खं फोर्ट वेनला काढलं, १११ मॅच, .२०६, होमर ४. आणि २०२५ ला पाठ गेली. कमरेत स्ट्रेस रिॲक्शन निघाली, सॅन अँटोनियोत दहा मॅच आणि वर्ष खल्लास.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर पलटला म्हणायला नको. ग्लव्हच्या (म्हणजे फिल्डिंगच्या) जोरावर मेजरला येणार, नक्की येणार. बॅट आठव्या-नवव्या नंबरची. आणि आत्ता त्याला ट्रेडमध्ये देणं म्हणजे शेअर तळाला असताना विकणं. बोला आता.

आकडेमोड

चांगला धागा. पण "ग्लव्हच्या जोरावर नक्की येणार" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं प्रत्येक कॅचर प्रॉस्पेक्टबद्दल ऐकतोय.

.२०६ कडे वयाचा डिस्काउंट लावून बघायचं, मान्य. सीझन सुरू झाला तेव्हा तो सतराचा होता आणि मिडवेस्ट लीगमध्ये साधारण बॅटर बावीसच्या आसपास असतो. पण डिस्काउंट किती लावणार? स्ट्राइकआउट भयंकर नव्हते, वॉकही (चार बॉल सोडून फुकट बेस) ठीकठाक काढत होता, म्हणजे बॉल दिसतोय, स्ट्राइक झोन कळतोय. मग .२०६ का? कारण लागलेला बॉल जोरात लागत नव्हता. स्लगिंग (फटक्यांची ताकद दाखवणारा आकडा) .३११! ओबीपी (बेसवर पोचायचं प्रमाण) .२८८! ज्याला झोन कळतो आणि तरी ज्याच्या बॅटमधून हवेत मेलेले फ्लायबॉल निघतात त्याचं कारण एकतर ताकद नाही किंवा स्विंग बिघडलाय, पहिलं वयानुसार येईल, दुसरं येईलच असं नाही.

तुलनेला कॅचर सॅम्युएल बसायो घ्या ना. बॉल्टिमोरने २०२१ ला १३ लाखात साइन केला, सालासच्या बोनसच्या पाव हिश्शाला. २०२३ मध्ये, अठरा संपून एकोणीस लागलं त्या वर्षी, २० होमर मारले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मेजरला आला आणि त्याच आठवड्यात ८ वर्षांचं ६ कोटी ७० लाखांचं कॉन्ट्रॅक्ट. बॅट असली की असं होतं, कॅचिंग जमतंय की नाही हे मग नंतर बघतात.

नवखा_ऑस्टिनचा

मध्येच विचारतो, हसू नका. मला बेसबॉल बघायला लागून जेमतेम दोन सीझन झालेत. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच ना? मग .२०६ मारणाऱ्या कीपरचं एवढं कौतुक कशाला, आजकाल तर कीपरला पण बॅटिंग यावी लागते.

पंचमामा

@नवखा, हसत नाही रे, प्रश्न बरोबर आहे.

कीपर बॉलरने काय टाकायचं ते ठरवत नाही. कॅचर ठरवतो, म्हणजे डगआउटमधून मदत येते पण समोरच्या बॅटरचे पाय कुठे सरकले, मागच्या स्विंगला तो उशिरा होता की लवकर, हे त्यालाच दिसतं. दीडशेच्या आसपास पिच (म्हणजे पिचरने टाकलेले बॉल) रोज पकडायचे, प्रत्येकाला बसून. शिवाय प्रत्येक पिचरची नाटकं सांभाळायची. सालासच्या बाबतीत तर चोवीस-पंचवीस वर्षांच्या पिचरला अठराचं पोरगं "दादा, स्लायडर टाका" म्हणून सांगतंय हे चित्र डोळ्यापुढे आणा.

दुसरं, पळणाऱ्याला सेकंड बेसवर टिपणं. पिच मिटमध्ये (कॅचरच्या ग्लव्हमध्ये) आल्यापासून सेकंड बेसवरच्या फिल्डरच्या ग्लव्हमध्ये बॉल पोचेपर्यंतचा वेळ, त्याला पॉप टाइम म्हणतात. मेजरला दोन सेकंद म्हणजे साधारण, एक पॉइंट नऊ म्हणजे फार चांगला. फरक एका दशांशाचा, त्याच्यावर करिअर ठरतात.

तिसरं फ्रेमिंग. स्ट्राइक झोनच्या काठावरचा बॉल असा अलगद घ्यायचा की आमच्यासारख्या अंपायरला स्ट्राइक वाटावा. (मी इथे मुलांच्या लीगमध्ये अंपायरिंग करतो, दहा वर्षांची पोरं पण हल्ली मिट सरकवून फसवायला बघतात!) गेली दहा-बारा वर्षं क्लबांनी या एका गोष्टीसाठी बॅट न चालणारे कॅचर पोसले. पण २०२६ पासून मेजरमध्ये एबीएस चॅलेंज (अंपायरचा बॉल-स्ट्राइकचा निर्णय मशीनकडून तपासून घेणं) येतंय. प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते खर्ची पडत नाही. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच डोक्याला हात लावून मागायचं, डगआउटमधून कोणी ओरडायचं नाही. तेव्हा चोरलेला स्ट्राइक आता बॅटर परत घेऊ शकतो. सालासचं अर्धं कौतुक त्याच्या मऊ हातांचं आहे, त्याचा भाव थोडा उतरणार.

फोर्टवेनची_मीनल

मी फोर्ट वेनमध्येच राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की पार्कव्ह्यू फील्डला जायची सवय लागली होती, तिकीट स्वस्त आणि होम प्लेटच्या मागे जागा मिळते, त्यामुळे टिनकॅप्सचा (इथल्या टीमचा) कॅचर म्हणून याला पाठमोरा भरपूर बघितलाय.

आकडे काही म्हणोत, बसायची ढब बघून कळायचं की हा वेगळा आहे. उजवा गुडघा जमिनीला, डावा पाय बाहेर, मिट आधी मातीला टेकवलेलं आणि बॉल येताना खालून वर. खालच्या काठावरचा पिच तो वर आणतोय हे माझ्या जागेवरूनही पटकन कळायचं नाही, झटका नसायचा अजिबात. दुसऱ्या दिवशी दुसरा कॅचर असला की तोच पिच घेताना मिट खाली ढकललं जायचं आणि अंपायर स्ट्राइक न देता बॉल द्यायचा. एकदा एका पिचरने लागोपाठ दोन वॉक दिले, तर हा उठून गेला, मिट तोंडापुढे, काहीतरी बोलला, तो पिचर चक्क हसला. पुढच्या पिचला डबल प्ले, एका फटक्यात दोन आउट. आता याचा आकडा कुठल्या कॉलममध्ये घालणार?

बॅटिंगचं मात्र @आकडेमोड म्हणतात तसंच. आत येणाऱ्या फास्टबॉलला बॅट पोचायची नाही, वर उडायचा, शॉर्टस्टॉप तीन पावलं मागे जाऊन घ्यायचा. जुलैनंतर तर पाय ओढत प्लेटवर यायचा असं वाटायचं. कॅचरने शंभरच्या वर मॅच खेळायच्या, अठराव्या वर्षी, त्या दमट हवेत, दमणार नाही तर काय.

आकडेमोड

@मीनल, कॉलम आहे हो, पण त्यात काय घालायचं यावर क्लबांचेही एकमत नाही :) तुमचं "जुलैनंतर" वालं निरीक्षण महत्त्वाचं आहे, कारण पुढच्याच वर्षी पाठ गेली.

हाडांची_ताई

फिजिओथेरपिस्ट आहे, त्याला तपासलेलं नाही, जे छापून आलं त्यावरून सर्वसाधारण सांगते.

बुमराहमुळे आपल्या लोकांना कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर पाठच झालंय. स्ट्रेस रिॲक्शन ही त्याच्या आधीची पायरी, हाड चिडलेलं असतं, एमआरआयमध्ये सूज दिसते, तडा अजून गेलेला नसतो. वाढत्या वयात मणक्याच्या मागच्या बाजूचा जो बारीक पूल असतो तो कच्चा असतो, आणि कंबर मागे वाकवून पिळली की भार नेमका तिथे येतो. फास्ट बॉलर, जिम्नॅस्ट, टेनिसवाले, सगळ्यांना त्याच कारणाने होतं. हा पोरगा रोज काय करतो बघा: तासन्‌तास बसायचं, त्यातून ताडकन उठून पिळ घेऊन थ्रो, आणि मग डाव्या बाजूने बॅटचा स्विंग. दोन्ही कामं एकाच मणक्यावर.

चांगली बातमी म्हणजे वेळेत थांबवलं तर हाड भरून येतं, काही महिने लागतात. वाईट बातमी अशी की परत गेल्यावर भार हळूहळू वाढवावा लागतो, म्हणजे २०२६ मध्ये त्याला आठवड्याला सहा मॅच मागे बसवणार नाहीत, बसवूही नयेत. थोडं डीएच (नुसती बॅटिंग, फिल्डिंग नाही), थोडं बाकावर. म्हणजे कॅचर म्हणून शिकायचे दिवस अजून कमी झाले. मला .२०६ ची चिंता नाही वाटत, मला याची वाटते.

चिडका_पाद्रे

सगळे गोड गोड बोलताय म्हणून मी येतो.

आपल्या क्लबचा कॅचर प्रॉस्पेक्टचा इतिहास काढा जरा. ऑस्टिन हेजेस, २०११ चा दुसऱ्या राउंडचा, मायनरमधला सगळ्यात भारी ग्लव्ह म्हणून गाजला. करिअर ॲव्हरेज दोनशेच्या खाली. मग फ्रान्सिस्को मेहिया, मायनरमध्ये सलग ५० मॅच हिट मारणारा, २०१८ ला त्याच्यासाठी ब्रॅड हँड आणि अॅडम सिम्बर हे पिचर दिले, अडीच वर्षांत पिचर स्नेलच्या ट्रेडमध्ये टॅम्पाला रवाना. लुईस टोरेन्स आठवतो का कुणाला? रूल ५ मधून (दुसऱ्या क्लबने रोस्टरवर न घेतलेली पोरं उचलायचा ड्राफ्ट) उचलला, ए-बॉल खेळलेलं पोर, २०१७ अख्खं मेजरच्या बाकावर बसवून ठेवलं, .१६३ मारले. ज्या वर्षी त्याला रोज खेळायला हवं होतं ते वर्ष त्याने बबलगम चघळत काढलं. मग कॅम्पुसानो, २०२३ मध्ये ४९ मॅचमध्ये .३१९, सगळे म्हणाले सापडला, पुढच्याच वर्षी गडी गायब.

एकाला बॅट नाही, एकाला ग्लव्ह नाही, एकाला घाईत मारला. आणि सालासच्या बाबतीत तीच घाई परत केली! लो-ए ला जम बसतोय न बसतोय तोच तीन महिन्यांत दोन पायऱ्या वर. कशासाठी? याद्यांत वरचा नंबर लागावा आणि ट्रेड करताना भाव यावा म्हणून. दुसरं कारण मला कोणी पटवून दाखवा.

सॅनडिएगोकर

@चिडका, तुझा राग समजतो, पण हेजेसचं उदाहरण तुझ्यावरच उलटतंय रे. २०१५ ला मेजरला आला आणि त्याच बॅटने दहा वर्षं टिकला, २०२३ ला टेक्सासबरोबर वर्ल्ड सिरीजची अंगठी पण घेऊन आला. ५६ लाखाला हेजेस मिळाला तर मी तक्रार करणार नाही. थोडी तरी बॅट असलेला हेजेस मिळाला तर पार्टी देईन.

घाई केली हे मान्यच. पण भाव वाढवून विकायचाच असता तर २०२३ च्या हिवाळ्यातच विकला असता, तेव्हा तो शिखरावर होता. आपला क्लब चालवणाऱ्या प्रेलरने जुलै २०२५ मध्ये पिचर मेसन मिलरसाठी लिओ डी व्हरीसला सोडला, अठरा वर्षांचा शॉर्टस्टॉप, सगळ्यांच्या जिवावर आलं. सालासला सोडला नाही, किंवा पाठीमुळे समोरच्याने घेतला नाही, काय ते तुम्ही ठरवा.

आणि आता घाईचं कारणच उरलेलं नाही. त्याच ट्रेड डेडलाइनला कॅन्सास सिटीकडून कॅचर फ्रेडी फर्मिन आणलाय, २०२९ पर्यंत आपल्याकडे. तोही व्हेनेझुएलाचा, आणि मेजरला पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा २७ चा होता! सत्तावीस! सालास अजून एकोणीसचा आहे राव. तो पाच वर्षांनी आला तरी फर्मिनपेक्षा लवकर आला म्हणायचं.

इंडियाना_जोशी

थोडं विषयांतर, पण आपल्याकडचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल (क्रिकेटवाला रिंकू नव्हे, तो हा नाही) २००८ ला पिट्सबर्गने साइन केले तेव्हा दोघेही भाला फेकणारे, म्हणून पिचर केले. एखाद्या कीपरला आणून कॅचर करायचं कोणाच्या डोक्यात का आलं नाही?

पंचमामा

कारण हात असला की पिचर करता येतो, कॅचर करता येत नाही. उलटा प्रवास मात्र होतो. केनली जॅन्सन २००९ च्या वर्ल्ड क्लासिकला नेदरलँड्सचा कॅचर होता, बॅट चालेना म्हणून डॉजर्सने माउंडवर उभा केला, आज चारशेच्या वर सेव्ह. क्रेग बिगिओ कॅचर म्हणून आला आणि सेकंड बेसवर हॉल ऑफ फेमला गेला. @हाडांची_ताई म्हणतात तशी पाठ परत बोलली तर सालासलाही हलवतील, फक्त त्याची बॅट फर्स्ट बेसवर चालण्याएवढी नाही, हीच तर अडचण. त्याची सगळी किंमत त्या प्लेटच्या मागे आहे.

सॅन_अँटोनियोचे_काका

टेक्सासमध्ये पंचवीस वर्षं काढलेला माणूस असून कॅचर आयव्हान रॉड्रिगेझचं नाव कोणी काढत नाही म्हणजे काय? १९९१, टल्साला डबल-ए खेळत होता, वय १९. २० जूनला लग्न ठरलेलं, त्याच दिवशी टेक्सास रेंजर्सचा मेजरला ये म्हणून निरोप. सकाळी लग्न उरकलं, विमान पकडून शिकागो, रात्री व्हाइट सॉक्सविरुद्ध डेब्यू, आणि दोन रनर टिपले. परत मायनरला गेला नाही कधी. बॅट नंतर आली, हळूहळू, १९९९ ला एमव्हीपी झाला. ग्लव्ह असेल तर क्लब वाट बघतो, एवढंच सांगायचंय.

आकडेमोड

काका, आयव्हान रॉड्रिगेझ एक. त्याच्यासारखं होईल म्हणून वाट बघितलेले आणि घरी गेलेले किती, त्यांच्या लग्नाच्या तारखा कोणाला पाठ नाहीत.

मला विचाराल तर जवळचं उदाहरण पार्थिव पटेल. २००२ ला नॉटिंगहॅमला सतराव्या वर्षी टेस्ट कीपर, तोवर रणजी सुद्धा खेळला नव्हता. दोन वर्षांत बाहेर, मग धोनी आला आणि जागाच गेली. संपला मात्र नाही, रणजीत रन काढत राहिला, २०१६ ला परत टेस्ट खेळला. त्याच्यात काही कमी होतं असं नाही, ज्या वयात शिकायचं त्या वयात परीक्षेला बसवला.

चिडका_पाद्रे

घ्या, म्हणजे माझाच मुद्दा.

सॅनडिएगोकर

अर्धा तुझा, अर्धा माझा. पार्थिवची जागा धोनीने घेतली, इथे समोर फर्मिन आहे, धोनी नाही :)

आणि सिॲटलच्या कॅचर कॅल रॅलीला विसरू नका. २०१८ चा तिसऱ्या राउंडचा, २०२१ ला पहिल्यांदा आला तेव्हा ४७ मॅचमध्ये .१८०, २०२२ च्या एप्रिलमध्ये परत मायनरला, टकोमाला धाडलं होतं. २०२५ ला ६० होमर. कॅचरचा आधीचा रेकॉर्ड साल्व्हाडोर पेरेझचा ४८ होता. सालास ६० मारेल असं कोणी म्हणत नाहीये (मारले तर मी सॅन डिएगो ते लॉस एंजेलिस चालत जाईन), पण कॅचरचं पक्कं गणित चोविशी-पंचविशीच्या आधी मांडू नये.

@पंचमामा, एबीएसचं एक राहिलं. काठावरचे चोरलेले स्ट्राइक कमी होतील हे खरं, पण चॅलेंज कधी मागायचं ते आता मैदानावर तिघांतच ठरणार, आणि २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगला ट्रायल घेतली तेव्हा कॅचरांचे चॅलेंज पिचरांपेक्षा जास्त बरोबर आले. पिचरला स्वतःचा प्रत्येक बॉल स्ट्राइकच वाटतो! झोन डोक्यात पक्का असलेला कॅचर उलट महाग होणार. आणि @आकडेमोडनेच वर म्हटलंय, याला झोन कळतो.

पंचमामा

हे पटलं. फक्त डबल-ए ला ते मशीन नाहीये, त्याचा अंदाज ट्रिपल-ए ला गेल्यावरच येईल.

फोर्टवेनची_मीनल

मग नंबर टाका ना सगळ्यांनी, स्काउट लोकांच्या २०-८० च्या स्केलवर (५० म्हणजे मेजरचा साधारण), सीझन संपल्यावर बघू. माझे: फिल्डिंग ६०, आर्म ५५, हिट ४०, पॉवर ४०. २०२८ ला मेजरमध्ये.

आकडेमोड

फिल्डिंग ६०, आर्म ५५, हिट ३५, पॉवर ४०. पाठ टिकली तर बॅकअप कॅचर. २०२७ च्या नोव्हेंबरमध्ये क्लबच्या ४० जणांच्या रोस्टरवर घ्यावाच लागेल नाहीतर रूल ५ ला उघडा पडेल, तेव्हा क्लबचं खरं मत कळेल.

हाडांची_ताई

मी एकच नंबर देते. २०२६ मध्ये प्लेटच्या मागे ६० मॅच झाल्या तर मी खूश, बॅटिंग .१८० असली तरी चालेल.

सॅनडिएगोकर

फिल्डिंग ६५, आर्म ५५, हिट ४५, पॉवर ४५. हो, माहितीये फॅन आहे म्हणून पाच-पाच जास्त टाकलेत.

@काका, तुम्ही तिथेच आहात, मिशन्सचं (सॅन अँटोनियोच्या डबल-ए टीमचं) शेड्यूल बघून ठेवा. एप्रिलमध्ये तो मागे बसतोय की नुसता डीएच खेळतोय एवढं जरी इथे टाकलंत तरी पुष्कळ.

सॅन_अँटोनियोचे_काका

टाकतो की. वुल्फ स्टेडियमला पार्किंग फुकट नाही, त्याचे पैसे तू दे.